तिसऱ्यांदा विचारा

बहरीनच्या जुन्या बाजारात, बाब अल बहरीन या वेशीच्या मागच्या गल्लीत इरावती मेथीची जुडी उलटीपालटी करत होती. लेकाच्या घरचं सगळं रांधून-आवरून आलेली, गुडघे कुरकुरत होते. "कालची आहे मेली," ती पुटपुटली.

"परवाची," मागून कुणीतरी म्हणालं. मराठीत.

वळून पाहते तर पांढऱ्या भुवयांचा गोरा... घामानं चष्मा नाकावर घसरलेला. उलरिख त्याचं नाव, जर्मन प्रोफेसर. फ्रेंच, पोर्तुगीज, इटालियन, या लॅटिनच्या लेकींमागे चाळीस वर्षं घालवली. लग्न राहूनच गेलं. कोर्लईची पोर्तुगीज वळणाची बोली शिकायला आठ वर्षं रेवदंड्यात राहिला, तिथंच मराठी उचलली. आता इथल्या एका कॉलेजात फ्रेंच शिकवत होता.

आणि इरावतीचं माहेर नेमकं रेवदंडा.

मग वर्षभर, उन्हं कलली की, सनद नावाच्या वस्तीतल्या तिच्या इमारतीखालच्या बाकावर दोघं बसू लागले. कोर्लईच्या बायकांचे लहानपणी कानावर पडलेले शब्द ती आठवून सांगायची. त्याची एक खोड होती — एकच प्रश्न तीन वेगळ्या दिवशी विचारायचा. तिन्ही वेळा उत्तर सारखं आलं, तरच चिठ्ठीवर लिहायचं.

"विसराळू आहात की संशयी?" तिनं एकदा टोमणा मारला.

"माणूस पहिल्यांदा भिडेनं बोलतो, दुसऱ्यांदा भीतीनं," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा — खरं."

त्याच्या नोकरीची मुदत संपली. रविवारी त्यानं हळूच विचारलं, लिस्बनला माझं छोटं घर आहे, याल? ती म्हणाली, नाही, वय बघा आपलं. मंगळवारी पुन्हा विचारलं. नाही, लेक काय म्हणेल.

गुरुवारी तो चिठ्ठ्यांचा खोका मांडीवर घेऊन बसला. उद्याच्या विमानाबद्दल बोलला, लिस्बनच्या हवेबद्दल बोलला... तेवढं सोडून सगळं बोलला. वर सुनेनं उद्याच्या डब्यांची यादी फ्रिजला चिकटवली असेल, इरावतीच्या मनात आलं. परवाचीही.

"तिसऱ्यांदा विचारलं नाहीत, प्रोफेसर."

"दोनदा 'नाही' आलं. आता 'हो' आलं, तरी नियमानं लिहिता येत नाही."

"मग आधीचं फाडा. आज पहिला दिवस धरा."

"तीन दिवस लागतील, इरावतीबाई. विमान उद्या आहे."

"विमान काय माझ्या माहेरचं आहे, त्याची भीड धरायला? ढकला पुढे."

तो कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिला. मग जन्मात पहिल्यांदाच काही विचारत असल्यासारखा म्हणाला, "याल... माझ्याबरोबर?"

"हो." तिनं पदरानं मान टिपली आणि गुडघ्यावर हात टेकत उठली. "उद्या याच वेळेला पुन्हा विचारा. उशीर केलेला मला चालत नाही."