घरजावई भास्करराव

प्लायवूडच्या भिंतीपलीकडे कोणीतरी खुदकन हसलं. योगिनीची बोटं की-बोर्डवर थांबली. नाशकातल्या अशोक स्तंभाजवळच्या त्या सायबर कॅफेत लोक निकाल बघायला यायचे, नाहीतर नोकरीचे अर्ज भरायला. हसायला कोण येणार? तिने हळूच वाकून पाहिलं... शेजारच्या स्क्रीनवर तिचाच ब्लॉग उघडा होता.

ते २००७ साल. महापालिकेची निवडणूक तोंडावर आलेली, आणि घराघरांत रात्री आठला ‘नांदतं घर’ ही मालिका. योगिनी ‘चाफेकळी’ या नावाने लिहायची. पक्ष बदलून आलेल्या विरोधी साहेबांना ती मालिकेतला घरजावई भास्करराव म्हणायची — सासऱ्याच्या घरी जेवणारा आणि सासऱ्यावरच हुकूम सोडणारा. तिला रोज उत्तर द्यायचं कोणी एक ‘कडू कारलं’. आणि आता शेजारचा तो मुलगा नेमकं तेच नाव टाइप करत होता.

“एवढं काय हसताय?” तिने विचारलं.

“ही बाई आमच्या साहेबांची पार अब्रू काढती,” तो म्हणाला. “पण लिहिती लय भारी.”

तो भारत. निफाडचा, नाशकात ठिबकच्या पाइपांच्या दुकानात कामाला. योगिनी मनातून फुलली, पण आपण कोण ते काही बोलली नाही. शत्रूच्या गोटात असं बसायला रोज थोडंच मिळतं?

मग बाबांच्या मळ्यातली फुलं बाजारात देऊन मखमलाबादला घरी परतताना तिची पावलं आपोआप तिकडे वळू लागली. एकदा केसातला गुलाब ती त्या प्लायवूडवर विसरली — चुकून की मुद्दाम, तिचं तिलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी तो त्याच्या खिशाला होता.

एक गोष्ट मात्र खटकायची. मालिकेतलं जेवढं ती लिही, तेवढंच कारल्याला माहीत असे.

“बघतच नाही गं तो,” तिच्या पक्षातली मैत्रीण प्रतिभा म्हणाली. “एकदा खोटं लिहून बघ.”

योगिनीने लिहिलं, काल भास्करराव बॅग उचलून सासऱ्याच्या घरातून बाहेर पडले. लगेच कारल्याचं उत्तर आलं: ‘बघा, हाच बाणा आमच्या साहेबांत आहे.’

“सापडला! उद्या उघडं पाड त्याला,” प्रतिभा म्हणाली. “पुन्हा तोंड दाखवणार नाही.”

पंचाईत तीच तर होती. योगिनीला जिंकायचं होतं. पण जिंकल्यावर शेजारची केबिन रिकामी राहिली तर? दुसऱ्या संध्याकाळी तिने लिहिलं, ‘भास्करराव कुठेही गेलेले नाहीत. मालिका न बघताच लिहिलं. कारल्याने माझ्यावर विश्वास ठेवला, चूक माझी.’ दोन्ही पक्षांतले लोक तिला हसले. प्रतिभाने बोलणं टाकलं.

प्लायवूडपलीकडून मात्र हसू आलं नाही. भारतच उठून आला.

“स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेतला?”

“मीच ती... कसं कळलं?”

“टाइप करताना पुटपुटता तुम्ही. पहिल्याच आठवड्यात कळलं.” तो लाजला. “आमच्याकडं आठला लाईट नसती. मालिका मी तुमच्या ब्लॉगातच बघतो.”

योगिनीने की-बोर्ड बाजूला सारला.

“निवडणूक झाली की इथं कुठल्या निमित्तानं यायचं, तेच सुचंना,” तो म्हणाला. “म्हणून विचारतो... निफाडला याल? कायमच्या?”

“आठला लाईट नसलेल्या घरात?” योगिनी स्क्रीनकडे बघत म्हणाली. “मी नाही येणार. आणि मी एकुलती एक. बाबांचा फुलांचा मळा कोण बघणार?”

“मग मीच येतो मखमलाबादला,” तो म्हणाला. “म्हणा खुशाल भास्करराव.”

ती मालिका आता कुणाला आठवत नाही. कॅफेच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, आणि ज्यांच्यासाठी एवढं भांडण झालं ते दोन्ही पक्षांचे साहेब पुढे एकाच पक्षात गेले. पण मखमलाबादच्या त्या घरात रात्री आठ वाजले की योगिनी आजही हाक मारते, “भास्करराव, जेवायला चला.” आणि भारत आधी सासऱ्यांचं ताट वाढतो, मग स्वतः बसतो.