पुलाकडच्या घराला कळवायचं राहिलं

ही गोष्ट माझ्या घरातली आहे. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर मीच पहिली हसले असते.

पण विक्टोरीन आत्याला खोटं बोलता येत नसे. आयुष्यात ती एकदाच खोटं बोलली...

आणि ही गोष्ट त्या एका खोट्याची आहे.

ओबरमाट हे आमच्या खोऱ्यातलं सगळ्यात वरचं गाव. त्याच्या खाली रीडली, मग बोडमा, आणि बोडमाच्याही खाली, ओढ्यावरच्या पुलाशी, एकटंच एक घर. तिथं आमच्या चर्चची हद्द संपते. जुलै महिना होता, आमच्याकडचा भर उन्हाळा, गवतकापणीचे दिवस. खोऱ्यात तेव्हा गाडीरस्ता आला नव्हता. फोन काय तो पाद्रीबाबांकडे.

त्या दिवशी सकाळी इग्नाझ गेला. वरच्या कुरणात गवताचा भारा उचलता उचलता खाली बसला, तो उठलाच नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की कुणीतरी एकानं पायी खोरं उतरायचं आणि घराघराला सांगायचं. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, दार ठोठावायचं, गेलेल्याचं नाव घ्यायचं. आतलं माणूस म्हणतं, "पोचला." म्हणजे निरोप पोचला. मग पुढचं घर. आत जायचं नाही, टेकायचं नाही. आणि शेवटचं घर होईपर्यंत माघारी फिरायचं नाही. फिरलं तर मरण आपल्या पाठोपाठ आपल्याच घरी येतं.

घर बंद असलं तरी वगळायचं नाही. उन्हाळ्यात निम्मी घरं बंदच असतात, माणसं गुरं घेऊन वर डोंगरात गेलेली असतात. तरी त्या बंद दाराला नाव सांगायचं. म्हातारी माणसं म्हणायची, शेवटच्या घराला कळेपर्यंत मेलेला पुरता मेलेला नसतो.

आभाळ भरून आलं होतं. कापलेलं गवत भिजलं तर हिवाळ्यात गाईंना काय घालणार? सगळं गाव कुरणात होतं. उरली विक्टोरीन.

ती घरी होती, कारण तिची धाकटी बहीण सबिना छातीच्या तापानं अंथरुणाला खिळली होती. त्यांचा भाऊ, म्हणजे माझे वडील, दूर धरणाच्या कामावर. दोघी बहिणींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं. किती रात्री जागून काढल्या ते विक्टोरीनलाच ठाऊक. तिचे डोळे मिटत होते, पाय जड झाले होते. पण नाही कसं म्हणणार? इग्नाझनं तिचं गवत किती वेळा फुकट कापून दिलं होतं.

शेजारची आगाता सबिनाजवळ बसायला आली. तिच्या तोंडाला कधीच कुलूप नव्हतं.

"जा तू, मी आहे इथं," ती म्हणाली. "तुझं तोंड बघून मात्र वाटतंय, तुझाच निरोप घेऊन कुणाला तरी धाडावं."

विक्टोरीननं काळा रुमाल बांधला आणि सबिनाच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तापलं होतं.

"लवकर ये गं," सबिना डोळे न उघडता म्हणाली.

रीडलीतलं पहिलं घर लेओनीचं. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. विक्टोरीननं रीतीप्रमाणे दार ठोठावलं आणि तोंड उघडलं...

"अगं, ऐकलं की," लेओनी म्हणाली. "आत्ताच तर सांगून गेली."

"कोण?"

"मला वाटलं तूच. काळा रुमाल, मान खाली. पाणी देऊ का विचारलं तर मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही."

एवढं बोलून लेओनीनं नजर फिरवली आणि उगाचच एक वाळलेली चादर पुन्हा झटकली.

विक्टोरीनला आधी रागच आला. पाद्रीबाबांनी आणखी कुणाला धाडलं असेल, तर माझ्या पायांचे तुकडे कशाला पाडता? पण निरोप तिच्याकडे दिला होता. अर्धा टाकून कसा चालेल? ती पुढं निघाली.

पुढच्या घरी तेच. आत्ताच येऊन गेली.

त्याच्या पुढच्या घरीही तेच.

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. रीडलीतली कुत्री परक्या माणसाला वाटेवर उभं राहू देत नाहीत. त्या दिवशी एकही भुंकलं नाही. सगळी पायऱ्यांखाली शिरून बसली होती...

रीडलीच्या शेवटच्या घराशी बाकावर म्हातारा पियुस बसला होता. गावाचे जोडे शिवून शिवून त्याची नजर अधू झाली होती, पण कान शाबूत होते. विक्टोरीनची चाहूल लागताच तो म्हणाला, "ही मात्र तू आहेस. मघाची तू नव्हतीस."

"कोण होती, पियुसकाका?"

"ते मला काय दिसतंय? पण पोरी... तिनं दोन नावं सांगितली."

"दोन कशी? इग्नाझ एकटाच गेला."

हातातली तपकिरीची डबी उघडून त्यानं पुन्हा मिटली.

"एक इग्नाझचं. दुसरं तुझ्या घरचं. सबिनाचं."

बसायचं नाही हा नियम नसता, तर विक्टोरीन तिथंच बसली असती.

"मी निघाले तेव्हा ती जिवंत होती, काका. माझ्याशी बोलली."

"असेल. मी कुठं बघायला आलो होतो?"

"आणि तुम्ही 'पोचला' म्हणालात?"

"मग काय म्हणणार? दाराशी येऊन कुणी नाव सांगितलं, तर नाही म्हणायचं असतं का कुठं?"

लेओनीनं नजर का फिरवली, ते विक्टोरीनला आत्ता कळलं. सगळ्या रीडलीला ठाऊक होतं. तिला सांगायचं धाडस मात्र कुणाला झालं नव्हतं.

माघारी पळत जावं असं तिला वाटलं. पण माघारी फिरलं तर मरण पाठोपाठ घरी येणार. पुढं जावं, तर ती दुसरी बाई पुढं होतीच, घरामागून घर उरकत. विक्टोरीनचा जीव टांगणीला लागला.

मग तिला ते म्हाताऱ्यांचं बोलणं आठवलं. शेवटच्या घराला कळेपर्यंत...

म्हणजे शेवटच्या घराला कळताच कामा नये.

पायवाट बोडमावरून वळसे घेत उतरते. पण कड्याच्या पोटातून पाण्याचा पाट जातो, थेट पुलापर्यंत. त्याच्या कडेनं जेमतेम फळीएवढी वाट आहे. थकलेल्या माणसानं तिथं पाऊल टाकू नये. विक्टोरीननं टाकलं.

पाटावर लाकडी हातोडा बसवलेला असतो. वाहत्या पाण्यानं चाक फिरतं आणि हातोडा फळीवर आपटत राहतो. टक्... टक्... तो वाजतोय तोवर पाणी नीट चाललंय, असं समजायचं. त्या आवाजात आमची पोरं झोपतात. तो थांबला की जागी होतात.

विक्टोरीन कड्याच्या मध्यावर होती.

टक्... टक्...

आणि हातोडा थांबला.

तिनं पायाशी पाहिलं. पाणी वाहत होतं. चाकही फिरत होतं. आवाज मात्र नव्हता. गाईंच्या घंटांचा नाही, पाखरांचा नाही, तिच्या स्वतःच्या पावलांचाही नाही.

खाली पायवाटेवर काळा रुमाल दिसला. बाई एकटीच चालली होती. घाई नव्हती. दर पावलाला गुडघ्यावर हात टेकवत होती. फार दमल्यासारखी वाटत होती...

विक्टोरीन म्हणायची, त्या क्षणी मला भीती नाही वाटली. मला तिची दया आली.

पुलाकडचं घर बंद होतं. खिडक्यांना फळ्या लावलेल्या, दाराला बाहेरून कुलूप. घरची माणसं गुरांबरोबर वर गेली होती. विक्टोरीन दाराला पाठ लावून, हात पसरून उभी राहिली. धाप लागली होती. डोळ्यांपुढं अंधारी येत होती.

पावलं आली.

पुलाच्या फळ्या एकेक करून वाजल्या... आणि आवाज तिच्यासमोर येऊन थांबला.

समोर कुणी नव्हतं.

वास तेवढा आला. कापराचा. रोज रात्री ती सबिनाच्या छातीला जे मलम चोळायची, त्याचा.

तेवढ्यात पाठीमागून, त्या कुलूप लावलेल्या घराच्या आतून, कुणीतरी विचारलं...

"कोण गेलं?"

बाईचा आवाज होता की पुरुषाचा, ते तिला कधीच सांगता आलं नाही. पण ती दारापासून हलली नाही.

"कोण गेलं?"

"कुणी नाही," विक्टोरीन म्हणाली. "कुणीच गेलं नाही. सगळे आहेत."

आतून "पोचला" आलं नाही. काहीच आलं नाही.

समोर मात्र कुणीतरी लांब श्वास सोडला. मग पुलाच्या फळ्या पुन्हा वाजल्या. पावलं आली तशी वरच्या अंगाला निघून गेली. कड्यावर हातोडा सुरू झाला. टक्... टक्...

ती घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. आगाता दारात उभी होती, आणि जन्मात पहिल्यांदा तिला शब्द सापडत नव्हते. दुपारी सबिनाचा श्वास थांबला होता. आगातानं नाकाशी आरसा धरला, त्यावर वाफ आली नाही. म्हणून तिनं भिंतीतली ती लहान खिडकीही उघडली होती, आमच्या घरांना जीव बाहेर जाण्यासाठी असते ती. मेणबत्ती लावून प्रार्थना म्हणत बसली होती. आणि मघाशी सबिना उठून बसली. पाणी मागितलं.

विक्टोरीन बहिणीच्या गळ्यात पडून रडली. तिला दुसरं काही सुचलंच नाही.

पांघरूण सारखं करताना तिला सबिनाचे पाय दिसले. महिनाभर जमिनीला न लागलेले पाय.

घोट्यापर्यंत धुळीनं माखले होते.

तिनं गरम पाणी आणलं, पाय धुतले आणि तेव्हा कुणाला काही सांगितलं नाही.

सबिना वाचली, असं सगळं खोरं म्हणालं. पण ती बरी झाली नाही. ताप गेला, अंगात शक्ती आली नाही. पानगळ सरली, हिवाळा आला, ती तशीच. इग्नाझला पुरलं होतं, पण त्याच्याही बायकोला चैन नव्हतं. पहाटे वरच्या कुरणात कुणीतरी कोयत्याला धार लावतंय, असं ती सांगायची. जाऊन पाहिलं की कुरण रिकामं. तिला वेड लागलं असं लोक म्हणत. विक्टोरीन मान खाली घालून ऐकून घ्यायची. पुलाकडच्या घराला इग्नाझचंही नाव सांगायचं राहिलं होतं ना.

एका संध्याकाळी सबिना शांतपणे म्हणाली, "विक्टोरीन, मी चालून चालून दमलेय गं. मला दारात का उभं केलंस?"

बहिणीचे हाल विक्टोरीनला बघवत नव्हते, आणि पुलापर्यंत जायला पाय उचलत नव्हते. आज जाते, उद्या जाते, करत हिवाळा सरला.

वसंतात बर्फ वितळलं आणि ओढ्याला पूर आला. पुलाकडच्या घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली. पूल गेला. घरही गेलं, पायासकट.

त्यानंतर विक्टोरीन गेली. उघड्या दगडांसमोर उभी राहिली, आणि दोन्ही नावं मोठ्यानं घेतली. पुन्हा पुन्हा घेतली. कुणी "पोचला" म्हणालं नाही. त्या घरची माणसं शहरात राहायला गेली होती. विक्टोरीन तिथंही जाऊन आली. त्यांनी बिचाऱ्यांनी तिच्या समाधानासाठी "पोचला, पोचला" म्हटलं, कॉफी पाजली. पण निरोप माणसांना नव्हता. घराला होता.

विक्टोरीन आत्या म्हातारी होऊन गेली. शेवटपर्यंत तिनं बहिणीचं सगळं केलं. जाण्याआधी मला जवळ बोलावून म्हणाली, "जुलैत कधीतरी दारावर टकटक होईल. दरवर्षी होते. ती अजून एखादं घर शोधतेय. तू उघड. मला नाही जमलं."

आता खोऱ्यात गाडीरस्ता आहे. मयताचा निरोप फोनवर येतो. सबिना आत्या माझ्याकडे, वरच्या खोलीत असते. तिचं वय विचारू नका. डॉक्टर येतात, नाडी बघतात, आणि जिना उतरताना माझ्याकडे बघत नाहीत.

गेल्या जुलैत, भर दुपारी, मी तिच्यासाठी सूप ढवळत होते. बाहेर लख्ख ऊन होतं.

दारावर टकटक झाली.

मी हात पुसत दाराशी गेले. कडीला हात लावला... आणि कापराचा वास आला.

आत्यानं काय सांगितलं होतं, ते सगळं आठवलं. उघडायचं, नाव ऐकायचं, एक शब्द बोलायचा. बस. पण लहानपणी मला वेणी घालायला याच सबिना आत्याचे हात होते. माझं तरी आता दुसरं कोण आहे?

पुन्हा टकटक झाली.

वरच्या खोलीतून सबिना आत्याचा आवाज आला. दमलेला, समजावणीचा.

"उघड गं... मीच आहे."

मी उघडलं नाही.

बऱ्याच वेळानं पावलं अंगणातून निघून गेली. मी सूप घेऊन वर गेले. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

तेव्हापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. रात्री झोपण्याआधी मी तिचे पाय धुते. ते रोजच धुळीनं भरलेले असतात.