ऐकल्याची पोच

ही घटना खरी आहे.

'खरी' हा शब्द मी जपून वापरतोय. कारण जिच्या बाबतीत हे घडलं, त्या माझ्या आत्याचं उभं आयुष्य एकाच कामात गेलं. लोकांनी लिहून पाठवलेलं खरं की खोटं ते ठरवायचं, आणि खाली शिक्का मारायचा.

आणि हो, रात्रीची वाट बघू नका. जे झालं ते मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी सुरू झालं. बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी गादी झोडपत होतं.

जागा दोन. राष्ट्रीय रेडिओच्या इमारतीतली तिसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली. आणि आत्याच्या घरातली काकांची खोली.

*

आत्या श्रोत्यांच्या पत्रांच्या विभागात होती. विभाग म्हणजे ती, एक टेबल आणि एक कुरकुरणारा पंखा.

लांबलांबचे लोक रेडिओचा काटा फिरवत बसायचे. खरखरीतून आमचं केंद्र लागलं की कोण आनंद! मग ते एक तक्ता भरून पाठवायचे. तारीख. वेळ. लहर. आवाज पाचपैकी किती. व्यत्यय पाचपैकी किती. पाच म्हणजे व्यत्यय अजिबात नाही, एक म्हणजे काही म्हणता काही ऐकू येत नाही. आणि खाली, काय ऐकलं त्याचा मिनिटामिनिटाचा तपशील.

आत्या तो तपशील केंद्राच्या नोंदवहीशी ताडून बघायची. जुळला, तर एक रंगीत कार्ड पाठवायची. त्यावर छापलेलं असायचं, 'आपण ऐकलंत ते आमचंच प्रक्षेपण होतं.' खाली सही, शिक्का, क्रमांक.

याला म्हणायचे पोच.

नियम एकच. अंदाजानं लिहिता येणार नाहीत अशा दोन गोष्टी तक्त्यात हव्यात. 'बातम्या ऐकल्या, गाणी छान होती' असं लिहिणाऱ्याला ती दारातसुद्धा उभं करायची नाही. पण 'चौथ्या बातमीला निवेदक अडखळला आणि मागे दार वाजलं' असं असलं, की कार्ड.

सव्वीस वर्षांत तिनं एकही खोटी पोच दिली नाही. आणि एकही खरी पोच अडवली नाही.

हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा.

*

मग मध्यम लहरी बंद करायचं ठरलं. आता केंद्र मोबाईलवर ऐका, टीव्हीवर ऐका, गाडीत ऐका. 'आम्हाला कसं ऐकाल?' असं एक गुळगुळीत पत्रक निघालं. प्रत्येक जुन्या श्रोत्याला ते पाठवायचं काम आत्याकडे आलं.

प्रक्षेपणाचा मनोरा ज्यांच्या ताब्यात होता, त्या इंजिनिअरना सगळे 'खांबसाहेब' म्हणायचे. खांब बंद पडला, साहेब उरले. दिवसभर आत्याच्या खोलीत चहा पीत बसायचे.

"काय बाई, तुमचे काटेवाले काय म्हणतात?"

"म्हणतात, मोबाईलवर खरखर येत नाही. मग आपलंच केंद्र लागलंय हे कळायचं कसं?"

"खरखरच हवी असेल तर माझ्या गुडघ्याला कान लावा म्हणावं."

आत्या खूप हसली. नंतर तिला वाटलं, आपण बऱ्याच दिवसांनी हसलो.

घरी काका, म्हणजे आत्याचे यजमान, चार वर्षं अंथरुणाला खिळले होते. अर्धांगवायू. वाचाही गेलेली. उशाशी त्यांचा जुना रेडिओ. लहर बंद झाली, तरी काटा हलवलेला त्यांना चालायचा नाही. नुसती खरखर चालू. आणि त्यांच्या श्वासाची घरघर.

रात्री आत्या दर दोन तासांनी उठायची. कूस बदलायची. चादर बदलायची. चार वर्षं.

*

लहर बंद होऊन तीन आठवडे झाल्यावर एक तक्ता आला.

जुनाच छापील तक्ता. निळी शाई. अक्षर सुरेख.

*तारीख : मंगळवार. वेळ : ११:२० ते ११:३०. लहर : मध्यम, आपली नेहमीची. आवाज : २. व्यत्यय : ३.*

*११:२० खुर्ची ओढल्याचा आवाज.*
*११:२२ एक बाई दोनदा खोकतात.*
*११:२४ बाई स्वतःशी म्हणतात, "गेला वाटतं हाही पंखा."*
*११:२९ पंखा पुन्हा सुरू.*

*कृपया पोच द्यावी.*

आत्यानं हळूच मान वर करून पंख्याकडे पाहिलं...

मंगळवारी ती खोलीत एकटीच होती.

"खांबसाहेब, वय काय तुमचं? हे असले पोरकट उद्योग?"

साहेबांनी तक्ता वाचला. चहा खाली ठेवला. "आईशप्पथ, मी नाही. मंगळवारी मी खांब कापताना तिकडे उभा होतो. भंगारवाले सोबत होते, विचारा."

"मग यानं ऐकलं कशावर?"

"फाडून टाका."

"तपशील बरोबर आहे, साहेब."

"अहो बाई, पण आपण हवेत होतो कुठे? प्रक्षेपणच नव्हतं!"

"ते मला माहीत नाही. चारच्या चार नोंदी जुळतात. अंदाजानं कोण लिहील हे?"

तिचा स्वभावच तो. कागद खरा बोलत असेल, तर त्याच्या तोंडावर खोटं म्हणायचं नाही.

तिनं कार्ड काढलं.

*आपण ऐकलंत ते आमचंच प्रक्षेपण होतं.*

सही केली. शिक्का मारला. पत्त्याच्या जागी नुसता एक टपालपेटी क्रमांक होता. तिथे पाठवून दिलं.

कार्ड परत आलं नाही...

म्हणजे कोणाला तरी ते मिळालं.

*

दुसरा तक्ता.

*तारीख : रविवार. वेळ : ११:२० ते १२:००. आवाज : ३. व्यत्यय : २.*

*आपल्या कार्डाबद्दल आभार. आपण केंद्र असल्याचं लेखी कबूल केलंत. आता आम्ही नियमित ऐकू.*

*११:२० कुकरची शिट्टी.*
*११:३१ बाई म्हणतात, "तोंड उघडा. उघडा ना हो."*
*११:३२ चमचा दातांवर आपटतो.*
*११:३३ बाई म्हणतात, "देवा, सोडव एकदाचं."*

*अभिप्राय : कार्यक्रमात तोचतोचपणा फार. बाई गात नाहीत, हसत नाहीत. शिवाय एका पुरुषाच्या श्वासाची घरघर सतत मध्ये येते. हा व्यत्यय आहे. दूर करावा.*



रविवारी घराची दारं-खिडक्या बंद होती. आणि ते शेवटचं वाक्य... ते तिनं पुटपुटलंही नव्हतं नीट.

घरी जाऊन तिनं काकांच्या उशाचा रेडिओ उचलला. काकांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरायचा प्रयत्न केला. तिनं सोडवून घेतलं. सेल काढून कचऱ्यात टाकले. रेडिओ कपाटावर, भिंतीकडे तोंड करून ठेवला.

चार दिवसांनी तिसरा तक्ता. एकच ओळ.

*मधली खरखर काढलीत, आता जास्त स्पष्ट येतं. धन्यवाद. घरघर मात्र अजून आहे.*

*

या वेळी तिनं खांबसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी एकही विनोद केला नाही.

"बाई, चूक कुठे झाली कळतंय ना? त्यानं विचारलं, हे तुमचंच केंद्र का? तुम्ही हो म्हणालात. सहीशिक्क्यानिशी."

"मग आता?"

"आता चौथा आला तर नाही म्हणा. नोंदी जुळत नाहीत म्हणून परत पाठवा."

"जुळत असल्या तर?"



चौथा तक्ता आला शुक्रवारी. आत्यानं तारीख वाचली. पुन्हा वाचली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं...

तारीख होती, *येत्या* मंगळवारची.

*११:२३ दाराची घंटा, दोनदा.*
*११:२८ दूध उतू जातं.*
*११:३५ मदतनीस बाईच्या हातून वाटी पडते.*
*११:४१ आवाज : ५.*
*व्यत्यय : ५.*

पाच.

व्यत्यय अजिबात नाही.

*

घाबरून रडत बसणाऱ्यांतली आत्या नव्हे. तक्ता खोटा पाडायचा, बस्स. एक नोंद चुकली तरी पोच नाकारता येते, आणि इथे तर पहिल्या तीन सहज चुकवता येणार होत्या.

मंगळवारी तिनं रजा घेतली. काकांना बघायला येणाऱ्या मदतनीस बाईला सुट्टी दिली.

"अहो ताई, पण तुम्ही एकट्या कसं उचलणार त्यांना?"

"उचलते. तू ये उद्या."

दारावरच्या घंटेची वायर कापली. दुधाचं पातेलं शेजारणीकडे देऊन आली. वाट्या, भांडी, चमचे, सगळं पोत्यात भरून पोतं बाथरूममध्ये ठेवलं.

मग काकांच्या शेजारी स्टूल घेऊन बसली. मांडीवर तक्ता. हातात पेन.

११:२०.

कपाटावर खरखर सुरू झाली...

सेल नसलेला रेडिओ. भिंतीकडे तोंड केलेला.

आत्या हलली नाही.

११:२३. घंटा वाजली नाही. तिनं फुली मारली.

११:२८. दूध नाही. फुली.

११:३५. वाटी नाही. फुली. फुली इतक्या जोरात मारली की कागद फाटला.

काका छताकडे बघत होते. घरघर चालू होती. आत, बाहेर. आत, बाहेर. चार वर्षांत तिला तो आवाज इतका गोड कधी वाटला नव्हता, असं तिनं मला सांगितलं.

११:४१.

खरखर थांबली.

रेडिओ बंद पडतो तशी नाही. कोणी कान देऊन ऐकायला लागलं, की खोलीत जशी शांतता होते... तशी.

आणि घरघरही थांबली.

आत्यानं हाक मारली. खांदे धरून गदागदा हलवलं. त्यांच्या छातीवर हात आपटले. काकांनी एक मोठा आचका दिला आणि श्वास पुन्हा सुरू झाला.

काका गेले नाहीत. आजही आहेत.

आत्यानं तक्त्यावर लिहिलं, 'नोंदी जुळत नाहीत. पोच नाकारली आहे.' शिक्का तिनं पर्समध्ये आणलाच होता. मारला. त्याच दिवशी तक्ता टपालात टाकला.

जिंकली होती ती.

*

पाचवा तक्ता सोमवारी आला. मी तो पाहिलाय. तिच्या टेबलाच्या खालच्या खणात आहे.

वर लिहिलंय, *दुरुस्त अहवाल.*

*११:२३ पेनानं फुली मारल्याचा आवाज.*
*११:२८ पुन्हा फुली.*
*११:३५ पुन्हा फुली. कागद फाटतो.*
*११:४१:०४ घरघर थांबते.*
*११:४१:१५ बाई हाक मारतात.*

*वरच्या दोन नोंदींमध्ये अकरा सेकंद आहेत. या अकरा सेकंदांत बाई जाग्या होत्या, शेजारी होत्या आणि गप्प होत्या. त्यांचा श्वास संथ होता. आजवरच्या प्रक्षेपणातला हा सर्वांत स्वच्छ भाग.*

*हे अंदाजानं लिहिलेलं नाही. नियमाप्रमाणे पोच मिळावी.*

त्याला आता सात महिने झाले. दर सोमवारी स्मरणपत्र येतं. *पोच मिळाली नाही.* बाकी काही नाही.

खांबसाहेब म्हणाले, "खोटं आहे म्हणून लिहा आणि मोकळ्या व्हा."

आत्यानं पेन उचललं. ठेवलं. तो कागद अजून तसाच आहे. त्यावर ना सही, ना नकार.

मागच्या रविवारी मी तिच्याकडे गेलो होतो. तिनं हे सगळं मला पहिल्यांदा सांगितलं. सांगताना मधेच थांबायची. कपाटाकडे बघायची. आतल्या खोलीतून काकांची घरघर ऐकू येत होती.

मी विचारू नये ते विचारलं.

"आत्या... ते अकरा सेकंद. खरं होतं का ते?"



आतली घरघर थांबली...

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी आत्याकडे पाहिलं. दार उघडं होतं. चार पावलांवर खोली.

आम्ही दोघंही जागचे हललो नाही.

मग घरघर पुन्हा सुरू झाली. आपोआप. आत्या उठून चहा टाकायला गेली.

किती वेळ आम्ही तसे बसलो होतो, ते मी इथे लिहिणार नाही.

लिहून घेतलं असेलच कोणीतरी.