डोंगरावर चढलेला समुद्रतळ

क्रोमाइट या जड खनिजाचा काळा पट्टा शोधायला तिघं त्या हिरवट डोंगरात शिरले होते: ती भूवैज्ञानिक, तिचा जीपवाला मामा आणि चाळीस वर्षं खाणीत ड्रिल चालवलेले आबा. हा डोंगर एके काळचा समुद्रतळ. जमिनींच्या टकरीत तो तळच वर चढून बसला होता. जिथे त्या तळाचे ठिपक्याठिपक्यांचे खडक संपून खालचे जड, हिरवे खडक सुरू होतात, त्या सांध्याजवळ क्रोमाइट सापडण्याची आशा होती. नकाशावर सांधा बोटभर अंतरावर होता.

तिसऱ्या दिवशी साबणासारख्या गुळगुळीत दगडावरून मामाचा पाय सटकला. तो वाचला, पण पाण्याचे दोन्ही कॅन दरीत गेले! जीप दीड दिवसाच्या चालीवर. दुपारपर्यंत तिघांच्या जिभा टाळूला चिकटल्या.

तेवढ्यात घळीत डोह दिसला. निळाशार, वर पांढरी साय. मामा धावला. त्याने ओंजळ भरली. आबांची काठी त्याच्या हातावर बसली.

“आबा, जीव चाललाय माझा!”

“पिशील तर घसा भाजेल.” आबांनी त्या पाण्यात बोटं बुडवून चोळली. “बुळबुळतंय बघ. चुन्याच्या निवळीसारखं. हिरव्या दगडात खोल मुरून आलंय हे.”

तिने सॅकमधून तपासणीचा कागद काढून बुडवला. गडद निळा झाला, म्हणजे पाणी तीव्र अल्कधर्मी, पिण्याजोगं नाही. हे सगळं ती पुस्तकात शिकली होती, आणि तरी मामाच्या पाठोपाठ तीही पुढे झाली होती. ती ओशाळली.

“मग पाणी कुठे मिळेल, आबा?”

“ठिपक्यांच्या दगडात. त्याच्या भेगांत पावसाचं पाणी टिकतं. नकाशात बघ, कुठे आहे तो?”

“वर. सांध्याच्या पलीकडे.”

चढण उभी होती. दगड निसटत होते. आबांचा गुडघा सुजला, तरी पाऊल कुठे टाकायचं ते तेच सांगत होते. मामा त्यांना मागून ढकलत होता. ती पुढे, तिघांच्या कमरेला एकच दोरी. एकदा मागच्या दोघांचा तोल गेला, दोरी ताणली. थरथरली. टिकली!

वर, सांध्याला लागूनच, ठिपक्यांच्या कातळात एक ओली भेग होती. तिच्यातून बारीक धार गळत होती. कागद यावेळी निळा झाला नाही. मामाने भेगेखाली बाटली धरली.

तिची नजर मात्र पायाखाली गेली. हिरव्या खडकात दंडाएवढा जाड, काळाकुळकुळीत पट्टा लांबवर गेला होता. तिने हातोडीने तुकडा काढला. मूठभरच, पण केवढा जड! तिचे डोळे भरून आले.

“आबा, सापडलं.”

“दिसलं मला,” आबा म्हणाले आणि भरलेली बाटली त्यांनी आधी तिच्यापुढे धरली. “तो पट्टा एवढी वर्षं थांबलाय, थांबेल अजून. तू पी.”