गोधड्यांमागचा आवाज

"मला पाणी दे पूर्णविराम."

फोन थेट आजोबांच्या आवाजात हे बोलला आणि ओवीच्या घरातली माणसं खो खो हसली. आजोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला, पाटी पुढे ओढली आणि खडूने लिहिलं, "राहू दे."

फलटणमधलं अर्धं गाव अहिवळे गुरुजींच्या, म्हणजे ओवीच्या आजोबांच्या, हाताखालून गेलेलं. घशाच्या आजारामुळे त्यांचं स्वरयंत्र (घशातला आवाज तयार करणारा अवयव) काढावं लागलं होतं. आता ते स्वतःच्या आवाजात कधीच बोलू शकणार नव्हते. दवाखान्याने लिहिलेलं वाचून दाखवणारा एक तयार आवाज देऊ केला होता. तो गोडही होता, पण गुरुजींनी पाटीवर लिहिलं, "परक्याच्या आवाजात नातीला हाक मारू?"

ओवीने मात्र शस्त्रक्रियेच्या आधीच तयारी करून ठेवली होती. तिने एक मुक्तस्रोत (ज्याची आतली रचना कुणालाही उघडून पाहता येते, बदलता येते असं) ॲप शोधलं होतं. लिहिलेला मजकूर ते मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि त्याला आपल्या ओळखीचा आवाजही शिकवता यायचा. त्यासाठी ॲप बनवणाऱ्यांनी वाचायला वाक्यं दिली होती. सूर्य मावळला, बस सुटली, अशी साधीच, पण मराठीतले सगळे ध्वनी त्यांत येत होते. आजोबांनी खोलीच्या कोपऱ्यात चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या, सगळ्यांना बाहेर काढलं आणि एकट्याने बसून ती सगळी वाक्यं वाचली. भांडं पडल्याचा आवाजसुद्धा आत यायला नको होता.

पुढचं काम ओवीने वाचनालयातल्या बुचकळेकाकांच्या मदतीने केलं. बुचकळे हा तिथला यंत्रमानव. काही अडलं की तो लगेच "मी बुचकळ्यात पडलो आहे" असं कबूल करायचा, म्हणून मुलांनीच त्याचं हे बारसं केलेलं. दोघांनी मिळून ती ध्वनिमुद्रणं देऊन यंत्राला, म्हणजे तिथल्या संगणकाला, आजोबांचा आवाज शिकवला आणि ॲप बांधलं (माणसांनी लिहिलेल्या सूचना फोनला समजतील अशा एका गठ्ठ्यात भरल्या). ते बसवताना फोनने शंका काढली, की हे अनोळखी ठिकाणाहून आलंय, घेऊ का? आपल्याच हाताने बांधलेल्या ॲपला अनोळखी म्हणतो म्हणून ओवीला रागच आला होता, पण बुचकळेने समजावलं की फोनने असं विचारावं हेच बरं.

आणि एवढं करून हा पूर्णविराम मध्येच कुठून आला? शिवाय दर दोन-तीन शब्दांनंतर आवाज लांबलचक थांबत होता. ओवीचं डोकं चालेना.

ती फोन घेऊन वाचनालयात गेली. बुचकळेने ऐकलं आणि अपेक्षेप्रमाणे तो बुचकळ्यात पडला. विरामचिन्हं वाचून दाखवण्याची सोय चुकून चालू राहिली असेल, असं त्याला वाटलं. ती तर बंदच होती. मग त्यांनी ॲप काढून पुन्हा बसवलं. पुन्हा तेच. दुसऱ्या फोनवर बसवलं, तिथेही पूर्णविराम हजर. आपल्याच हातून काहीतरी मोडलंय असं वाटून ओवी रडकुंडीला आली.

"ॲप तेच ठेव आणि आवाज बदलून बघ," बुचकळे म्हणाला.

ॲपसोबत आलेला दुसरा आवाज निवडला, तर वाक्य कसं सरळ, स्वच्छ आलं. म्हणजे फोन ठीक, ॲपही ठीक. चूक आजोबांच्या आवाजातच होती. ओवी आणखीच गोंधळली. आवाजात चूक कशी असेल?

"तू त्यांची मूळ ध्वनिमुद्रणं ऐकलीस?" बुचकळेने विचारलं.

ओवीने मान हलवली. तिने एकही ऐकलं नव्हतं. ऐकलं की रडू येईल, म्हणून तिने सगळी तशीच यंत्राच्या हवाली केली होती. आता तिने पहिलं लावलं. गोधड्यांच्या आडून आजोबा खणखणीत बोलत होते, "सूर्य मावळला... स्वल्पविराम... आणि बस... सुटली... पूर्णविराम."

ओवीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आजोबांनी वाक्यं वाचलीच नव्हती, शुद्धलेखन घातलं होतं. एवढी वर्षं मुलं लिहून घेईपर्यंत थांबायची सवय, ती कागद हातात आल्यावर जाईल कशी? समोर पोरं नव्हती, तरी ते थांबत होते.

बुचकळेने उलगडून सांगितलं. यंत्राला अर्थ कळत नाही. आपण त्याला जोड्या देतो, इकडे मजकूर, तिकडे आवाज. त्यातून ते एक नमुना (उदाहरणं पाहून यंत्राने स्वतःच बसवलेला हिशोब) तयार करतं. मजकुरात ठिपका आला की दर वेळी त्याला "पूर्णविराम" ऐकू आलं, तेव्हा ठिपक्याचा उच्चार हाच, असं ते शिकलं. इतर अक्षरं शिकलं तसंच हेही शिकलं, आणि अगदी मन लावून.

"पण आता पुन्हा कसं वाचून घेणार?" ओवीने विचारलं. "तो आवाजच नाही ना आता."

बुचकळे पुन्हा बुचकळ्यात पडला.

ओवीने तेच ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं, मग आणखी एकदा. आवाज बदलता येणार नव्हता. पण जोडीची दुसरी बाजू?

"काका, मजकूर बदलू या," ती म्हणाली. "आजोबा पूर्णविराम म्हणतात तिथे आपणही तो शब्द अक्षरांत लिहू. ते थांबतात तिथे थांबण्याची एक खूण घालू. मग त्या शब्दाचं खापर ठिपक्यावर फुटणार नाही."

काम किचकट होतं. प्रत्येक वाक्य ऐकावं लागलं, आणि रडूही आलंच. मजकूर नीट झाल्यावर त्यांनी यंत्राला पुन्हा शिकायला बसवलं, ॲप नव्याने बांधलं, आणि ही युक्ती ॲप बनवणाऱ्यांनाही कळवली. कुठल्यातरी गावात आणखी एखादे गुरुजी असतीलच की.

घरी ओवीने फोन आजोबांसमोर ठेवला. ते तयार नव्हते. तिने फारच गळ घातली तेव्हा कुठे त्यांनी एका बोटाने सावकाश काहीतरी लिहिलं.

"ठकूताई, माझा चष्मा बघ गं कुठाय," आजोबांचा आवाज म्हणाला.

ठकूताई हे आजोबांनी ठेवलेलं ओवीचं लाडाचं नाव. वाचलेल्या वाक्यांत ते कुठेच नव्हतं. आजोबांच्या निरनिराळ्या शब्दांतल्या ध्वनींवरून यंत्राने ते आत्ता, तिच्यासाठी, नव्याने जुळवलं होतं. म्हणजे आजोबा आता काहीही बोलू शकत होते. उद्या सुचेल तेसुद्धा.

चष्मा त्यांच्या कपाळावरच होता. ओवीने डोळे पुसतच तिकडे बोट दाखवलं. आजोबांनी पुन्हा फोन ओढला. या वेळी शेवटचा शब्द त्यांनी मुद्दाम, अक्षर न् अक्षर लावून लिहिला.

"रडायचं नाही. पूर्णविराम."

सगळे हसले, आणि आजोबांचे खांदे सगळ्यांत जास्त हलत होते.