जयची दृष्ट

मिरच्या आणायला मीच गेलो होतो. आता वाटतं, निदान तेवढं तरी दुसऱ्या कुणीतरी करायला हवं होतं.

गेल्या शनिवारची गोष्ट. डिसेंबरातलं साउथहॅम्प्टन, बंदरावरून येणारा ओला वारा, आणि रात्री उशिरा लेस्टरहून आलेल्या मधुमतीकाकूंचा सकाळी सकाळी हुकूम. "रघुवीर, सुक्या लाल मिरच्या मिळतील का रे इथं? जयची दृष्ट काढते. काल फोनवर त्याचा आवाज दमल्यासारखा वाटला."

जय म्हणजे काकूंचा मुलगा, आमच्या ऑपेरा कंपनीचा ड्रॅमॅटिक टेनर, म्हणजे उंच पट्टीतला मुख्य गायक. सगळा वाद्यवृंद गर्जत असताना माइकशिवाय त्याच्यावरून पार जाणारा, शेवटच्या रांगेत डुलक्या घेणाऱ्यालाही जागं करणारा आवाज. लेस्टरमध्ये वाढलेल्या मराठी पोराच्या गळ्यात तो कुठून आला, देव जाणे. मी पुण्याचा, घासून घासून टेनर झालेला. मी त्याचा कव्हर होतो, म्हणजे बदली गायक. तो आजारी पडला तर मी गायचं. आणि हा पठ्ठ्या कधी आजारीच पडत नव्हता. वर्षानुवर्षं मी विंगेत उभा राहून नुसते ओठ हलवत होतो.

शुक्रवारच्या खेळात त्यानं शेवटचा तो उंच सूर लावला, माणसं उठून उभी राहिली, आणि विंगेत माझ्या मनात आलं, एकदा तरी फाटू दे. एकदाच. टाळ्या मात्र मी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

दौऱ्यासाठी घेतलेल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात काकूंनी तवा तापत ठेवला. जयनं स्टुलावर चढून स्मोक अलार्मला शॉवर कॅप घातली. "फायर ब्रिगेड आला तर तू बोलायचं हां, आई. आणि धूर माझ्याकडे नको प्लीज, आय हॅव अ मॅटिनी."

"दारात उभा राहा गपचूप. पूर्वेकडे तोंड कर."

मीठ, मोहऱ्या, मिरच्या मुठीत घेऊन त्यांनी त्याच्यावरून ओवाळल्या. आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, पुटपुटत मूठ तव्यावर टाकली. मोहऱ्या तडतडल्या. मिरच्या फुगल्या, काळ्या पडल्या, त्यांचा कोळसा झाला. आम्ही तिघं वाट पाहत राहिलो. वास नाही, ठसका नाही, साधी शिंकसुद्धा नाही.

माहीत आहे ना तुम्हाला, मिरच्या जळूनही खोकला आला नाही तर काय समजायचं ते?

"लागलीय..." काकू हळूच म्हणाल्या. "फार जवळच्याची लागलीय."

मी खिडकीबाहेर बघत होतो. मी शिकलासवरलेला माणूस, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण तव्याकडे बघायचं मी टाळत होतो. जय हसून म्हणाला, "बेस्ट क्वालिटी मिरची आहे, आई. रघूनं आणली ना!"

दुपारी पहिल्याच अंकात त्याचा आवाज गेला. फाटला नाही, घोगरा झाला नाही. त्यानं श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. वाद्यं पुढे गेली. विंगेतून मला त्याचे डोळे दिसत होते. ते मलाच शोधत होते, मदतीला.

मध्यंतरात ठरलं ते आमच्या धंद्यात अधूनमधून ठरतंच. त्याचा पोशाख मला होणार नव्हता, तलवारीचे हात मला येत नव्हते. म्हणून जय रंगमंचावर अभिनय करणार, नुसते ओठ हलवणार, आणि मी कोपऱ्यात अंधारात उभा राहून गाणार. पडद्यापुढे तशी घोषणा झाली. मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला, हे खरं सांगतो.

मी पहिली ओळ गायलो. माझा आवाज मला ठाऊक आहे, पातळ, जरासा नाकातला. हा तो नव्हता. छातीच्या तळातून वर येत होता तो जयचा आवाज. शब्द ओढायची त्याची लकब, श्वास घ्यायच्या त्याच्या जागा, सगळं तसंच. मी थांबायचा प्रयत्न केला... गळा थांबेना. आणि समोर प्रकाशात जय ओठ हलवत होता, जसे मी इतकी वर्षं हलवले होते.

खेळ संपल्यावर काकूंनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मी डोळे मिटून ऐकलं रे. जयच गात होता..." जयनं स्वतःच्या गळ्यातला मफलर काढला आणि माझ्या गळ्याभोवती नीट गुंडाळला. गाणाऱ्यानं गळा जपावा म्हणून. त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतू ठणठणीत आहेत म्हणाले. तेव्हापासून जय बोललेला नाही. कंपनीनं भूमिका मला दिली, आणि मी नाही म्हणालो नाही.

आज आमचा मुक्काम लेस्टरला, खेळ संध्याकाळी. सकाळी काकूंनी घरी जेवायला बोलावलं. गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? बेल्ग्रेव्ह रोडच्या मागच्या त्या छोट्या घरात तवा आधीच तापला होता.

"ये, दारात उभा राहा. आता तुझी काढते. आता सगळे तुझ्याकडे बघणार."

जय टेबलाशी बसून शांतपणे बघत होता. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मनात म्हणत होतो, लागू दे. त्याची लागलेली असू दे. मिरच्या मुक्या जळू देत, म्हणजे फिटंफाट होईल.

काकूंनी मूठ तव्यावर टाकली.

असा ठसका उठला म्हणून सांगू! नाकाडोळ्यांतून पाणी, वर अलार्मचा आक्रोश, धुरानं सगळं स्वयंपाकघर भरून गेलं. म्हणजे माझ्यावर कुणाचीच दृष्ट नव्हती. जयचीसुद्धा नव्हती. एवढं होऊनही त्या वेड्यानं माझं वाईट चिंतलं नव्हतं. मला रडूच आलं, पण खोकल्यात ते कुणाला कळलं नाही.

जयही खोकत होता. छाती हलत होती, तोंड उघडत होतं, आवाज नव्हता. मी खोकत होतो मोठमोठ्यानं, आणि तो खोकला माझा नव्हता.

काकूंना धुरात काही दिसत नव्हतं. डोळे गच्च मिटून, आवाजाच्या रोखानं चाचपडत त्या पाण्याचा पेला घेऊन आल्या. दुसऱ्या हातानं त्यांनी माझी पाठ चोळली, लहानपणापासून चोळत आल्यासारखी.

"घे, जय," त्या म्हणाल्या. "सावकाश पी, बाळा."

मी पेला घेतला.