शंभर होईपर्यंत

दुपारी दोनच्या सुमारास वहिनी दादाची जुनी गाडी घेऊन गॅरेजमध्ये आली. दहा मिनिटं चालली की काटा लाल पट्टीत जातो, एवढीच तिची तक्रार. तापणारं इंजिन म्हणजे मिस्त्रीच्या डाव्या हातचा मळ.

“तुम्ही जा वहिनी. संध्याकाळी पोचवतो.”

“बसते मी,” म्हणत ती जुन्या टायरवर टेकली.

दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा याच फरशीवर भाजला होता. मिस्त्रीचा थोरला भाऊ, गॅरेजचा धनी. त्या सकाळी त्याने गिऱ्हाइकांदेखत धाकट्याला गाढव म्हटलं, आणि तासाभराने तो उकळत्या रेडिएटरवर वाकून गळती शोधत असताना मिस्त्रीने फडकं टाकून टोपण फिरवलं. वाफ थेट तोंडात गेली, त्यामुळे दादाला ओरडताही आलं नाही. गालाची कातडी फडक्याला चिकटून आली. चार दिवस तो तडफडला आणि गेला. ‘त्यानेच उघडलं,’ असं मिस्त्रीने सांगितलं. सगळ्यांनी ते मानलं, वहिनी सोडून. टोपणावर तळहात ठेवून शंभर मोजल्याशिवाय दादा ते कधी उघडत नसे.

मिस्त्रीने थर्मोस्टॅट बदलला. काटा लाल. पंखा ठणठणीत, वॉटर पंपाची पाती शाबूत. काट्याचा सेन्सरही नवा बसवला, तरी काटा लालच. गंमत म्हणजे इंजिनाला हात लावला तर ते माठासारखं गार होतं.

मग रेडिएटरमध्ये खदखद सुरू झाली. जळक्या केसांचा वास आला.

त्याने चिडून इंजिन बंद केलं आणि खालचा नळ सोडून सगळं पाणी बादलीत काढलं. पाणी गारच होतं. रेडिएटर रिकामा झाला, पण आतली खदखद थांबेना.

“टोपण उघडून बघा ना,” वहिनी म्हणाली.

“बघतो.”

“मोजून, भाऊजी.”

“रिकाम्या रेडिएटरला काय मोजायचं?”

“ते मोजायचे...”

त्याने तळहात टेकवला आणि पुटपुटत मोजू लागला. तिशीच्या आसपास त्याच्या आवाजात दुसरा आवाज मिसळला, घोगरा, घशातून कसाबसा निघणारा. चाळीसला मिस्त्री थांबला. तो आवाज थांबला नाही.

त्याने हात ओढला, पण हात निघेना. त्याच्या पंजावर आणखी एक पंजा होता. दिसत काही नव्हतं, पण ओली, सोललेली कातडी त्याला बोटाबोटाला जाणवत होती. दुसऱ्या हाताने कुणीतरी त्याची मान टोपणाकडे दाबायला लागलं. त्याने पाना उचलून हवेत फटके मारले. पाना त्याच्याच मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज झाला.

“एकोणनव्वद... नव्वद...”

“मी फिरवलं टोपण, वहिनी... मीच...”

वहिनी उठून उभी राहिली. “मला काय सांगता? त्यांना सांगा.”

“दादा... चुकलं माझं...”

“अठ्ठ्याण्णव... नव्याण्णव...”

टोपण त्याच्या हाताखाली आपोआप फिरलं.

ओरड ऐकून शेजारचा टायरवाला धावत आला, तेव्हा मिस्त्री बॉनेटखाली लोळागोळा होऊन पडला होता. चेहरा ओळखू येत नव्हता. टायरवाल्याने उचलायला हात घातला, तर दंडाची कातडी त्याच्या हातात आली.

मिस्त्रीचा जीव वाचला, डोळे गेले. टायरवाला अधूनमधून वॉर्डात भेटायला येतो.

“रेडिएटरमध्ये पाणी किती होतं रे?” मिस्त्रीने एकदा विचारलं.

“थेंब नव्हता. मीच बघितलं. सगळं बादलीत.”

“आणि गाडी?”

“वहिनी तशीच घेऊन गेल्या. पाणी अजून घातलेलं नाही. रोज चालवतात, काटा लाल पट्टीकडे फिरकतही नाही. फक्त गाडी उभी केली की उतरून बॉनेटपाशी थांबतात, शंभर होईपर्यंत...”

“वहिनी मोजतात?”

“नाही. त्या नुसत्या ऐकतात.”